हक्कसोडीचा व्हिडिओ

मुठा खोऱ्यातल्या एका घरातून फोन आला, तेव्हा मी उरवड्यातल्या माझ्या स्टुडिओत लग्नाचे फोटो निवडत बसले होते. त्या घरातलं एक लग्न मीच शूट केलं होतं, म्हणून थोरल्या भावाचा आवाज लगेच ओळखला. या वेळचं काम वेगळं होतं. बापाची जमीन विकायची होती आणि बहीण आपला हिस्सा राजीखुशीनं सोडतेय, असं तिच्याच तोंडून रेकॉर्ड करून हवं होतं. घेणारा पुण्याचा, त्याला पुढे कटकट नको होती. "बाईमाणूस कॅमेऱ्यामागं असली की आक्का मोकळी बोलंल," ते म्हणाले.

मी गेले तेव्हा ओसरीवर खुर्ची मांडून ठेवली होती. आक्का पन्नाशी ओलांडलेल्या, ताम्हिणीकडे दिलेल्या. इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. थोरला भाऊ माझ्या शेजारी उभा राहिला, धाकटा दाराला टेकून. फक्त चेहरा घ्या, बाकी कुणी दिसायला नको, असं थोरल्यानं बजावलं. माइक लावताना आक्कांचा हात माझ्या मनगटाला लागला. तो गार पडला होता.

रेकॉर्डिंग सुरू केलं. "मी माज्या राजीखुशीनं..." एवढं म्हणून आक्का थांबल्या. त्यांची नजर लेन्सवरून सरकून थोरल्या भावाकडे गेली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडल्या. थोरला म्हणाला, मधलं कापून टाका आणि जोडून घ्या, तुमच्या हातचं तर काम आहे.

तेही खरंच होतं. लग्नातली रुसलेली, जांभया देणारी माणसं मी कापतेच. इथेही दोन तुकडे जोडले असते, तर अडखळल्याचं कुणाला कळलं नसतं. पण मग रिकाम्या ओसरीवर एक बाई एकटी बसून आपणहून बोलतेय, एवढंच दिसलं असतं. आणि तसं दाखवणारी मी असते.

त्या घरात मी एकटीच परकी होते. तरी ट्रायपॉड उचलला आणि मागे अंगणात नेऊन ठेवला. आता खुर्चीबरोबर दोन्ही भाऊही चौकटीत आले.

"आमाला कशाला घेताय?" थोरल्यानं विचारलं.

"तुम्ही इथे आहात म्हणून. नाहीतर दोघं बाहेर थांबा, मी आक्कांशी एकटीनं बोलते. पण काही कापणार नाही. होईल तसं सगळं देईन."

धाकटा तरातरा अंगणात उतरला आणि त्यानं लेन्सवर हात ठेवला. स्क्रीन काळी झाली. आता कॅमेरा हातचा जातो, असं मला वाटलं.

"हात काढ," आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तुमीबी दिसा त्याच्यात. मग बोलते."

आवाज चढलेला नव्हता. पण धाकट्यानं हात काढला.

आक्का मग भावांकडे बघूनच बोलल्या. "विकायला माजी ना न्हाई. पन वढ्याकडंची पट्टी माज्या नावावर ठिवा. उद्या माज्या लेकीला तितं ऱ्हायला जागा व्हईल. ती ठिवली तर सही करीन, न्हाई तर न्हाई." बोलून झाल्यावर त्यांनी माइक काढून माझ्या हातात दिला आणि आत निघून गेल्या.

मी सामान आवरत असताना थोरला जवळ आला. त्यातलं विकायला ना नाही, एवढंच वाक्य ठेवा, म्हणाला. मी मान हलवून नकार दिला. गाडी सुरू करेपर्यंत तो फाटकातच उभा होता. घरी पोचल्यावर अख्खी फाइल मी तिघा भावंडांना एकदमच पाठवली.

त्या घरानं मला पुन्हा काम दिलं नाही. धाकट्याच्या मुलीच्या साखरपुड्याला दुसराच फोटोग्राफर होता. व्यवहार बरेच महिने अडून राहिला. शेवटी ओढ्याकडची पट्टी वगळून विक्री झाली, हे मला आक्कांच्या लेकीनं फोनवर सांगितलं. तो व्हिडिओ आईनं कुणालाच दाखवला नाही, असंही ती म्हणाली. का, ते मी विचारलं.

"त्यात मामांची तोंडं बरी दिसत न्हाईत म्हनती," ती म्हणाली.