सोजरामायनं टिनाले भोक पाडलं

सोजरामाय गेली त्याले आता दोन महिने होतीन. बिडी नाही, तंबाखू नाही, पण छातीनंच गेली. खामगावच्या डॉक्टरनं फोटो काढला छातीचा, अन् विचारलं, बाई काय काम करत होती? इंद्रभान, तिचा पोरगा, म्हणे, चुली मांडत होती. डॉक्टरनं मंग फोटो पाकिटात घालून देला.

पिंपळगाव राजाच्या बाजूले आमचं गाव. गावात अन् आजूबाजूच्या चार गावात कोणाच्या घरी नवी सून आली, वाटण्या झाल्या, नवं घर बांधलं, का सोजरामायले बोलावणं येयच. तिची माती तळ्याच्या काठची. त्यात घोड्याची लीद अन् गव्हाचं कुटार मिसळायची, दोन दिवस भिजत ठेवायची, मंग पायानं तुडवायची. टेप नाही, काही नाही. एक वित अन् चार बोटं तोंड, मागं धूर निघायले मुठीएवढं वैलाचं भोक. सयपाक करणाऱ्या बाईचं तोंड उगवतीले आलं पाह्यजे, हे पक्कं. चूल सुकली का हळदकुंकू लावायची, पहिलं दूध उतू जाऊ द्यायची, अन् खण-नारळ घेऊन घरी यायची. तिनं मांडलेल्या चुलीले लाकूड कमी लागते, असं बाया म्हणत. खरं होतं ते.

अजून एक गोष्ट तिची होती. चुलीच्या डोक्यावर भोक ठेवायचं नाही. तिच्या मायनं तिले सांगतलं होतं का चुलीवर उघडं आभाळ आलं तं घरातली बरकत उडून जाते. कोणी म्हणलं, सोजराबाई, वर झरोका ठेवू का, तं ती उठून उभी राहायची. मंग माती तुम्हीच कालवा, म्हणायची.

तिच्या घरावर पहिले मातीचे कवेलू होते. वांदरं येत अन् कवेलू फोडत. दर साली इंद्रभान वर चढून नवे बसवायचा अन् शिव्या द्यायचा. शेवटी कटाळला अन् त्यानं पुऱ्या घरावर टिनं टाकले. खालून सिमेंटनं फटी बुजवल्या, पाल पण आत येऊ नये अशा. सोजरामाय खूष झाली. वांदरं टिनावर नाचत, पण फुटत काही नव्हतं.

टिनं टाकल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात सूनले खोकला लागला. निशिगंधा तिचं नाव, माहेर मोताळ्याचं. पहिले सर्दी म्हणून सोडलं, मंग रात्री बसून राहू लागली, बोलताना मधीच थांबायची. डॉक्टर म्हणे दमा. तोंडात मारायचा पंप देला अन् सांगतलं, घरातला धूर बंद करा, नाही तं औषधाचा उपेग नाही.

घरात गॅस होता. भाजी, चहा निशिगंधा गॅसवरच करायची. पण भाकरी अन् आंघोळीचं पाणी चुलीवर, अन् चूल त्याच खोलीत. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्या का धूर टिनाले जाऊन टेकायचा अन् तिथून खाली उतरायचा.

इंद्रभान म्हणे, "माय, भाकरीबी गॅसवर टाक ना."

"लोकाइच्या घरी चुली मांडतो मी, अन् माह्या घरची इझवू?" सोजरामाय म्हणे. "लोक काय म्हणतीन?"

मंग तिनं चूल आंगणात मांडली. आठ दिवस. हवा अशी का पऱ्हाट्याचा भारा एका वक्ताले संपे, अन् धूर फिरून दारातूनच आत येये. चूल परत आत आली.

भांडण झालं नाही. संक्रांत झाल्यावर निशिगंधानं पिशवी भरली, पोरीले, अपेक्षाले, सोबत घेतलं, अन् सासूच्या पाया पडली. "आत्याबाई, धूर बंद झाला का फोन करजा. मी येईन."

सोजरामाय म्हणे, "जाय माय. नीट राह्य."

अपेक्षा पाच वर्षाची. जूनमध्ये पहिलीत जायाची होती. मोताळ्यातून निशिगंधाच्या भावाचा निरोप आला, का जूनपर्यंत घरचं जमलं नाही तं पोरीचं नाव तो तिकडच्याच शाळेत टाकीन. निरोप साधाच होता. पण एकदा नाव तिकडं पडलं का मायलेकी तिकडच्याच, हे सोजरामायले कोणी समजावून सांगा लागलं नाही. ती सकाळी एक भाकर इंद्रभानची अन् एक आपली, एवढीच टाकायची, अन् परात पहिलेवाली मोठीच घ्यायची.

शेवटी तिनं नांदुऱ्याहून रज्जाकले बोलावलं. रज्जाक पत्र्याचं काम करणारा. कोठ्या, पिपे, कूलरच्या पेट्या, सारं बनवायचा. चुलीले धुराड्याचा पाइप बसवणं त्याच्या डाव्या हातचं काम होतं. तो आला, चुलीपाशी उकिडवा बसला, वर पाह्यलं.

"इथून सरळ वर काढू, माय. टिनाच्या बाहेर, आढ्याच्या वर दोन हात."

"वरून नाही," सोजरामाय म्हणे. "भितीतून काढ."

"भितीतून काढलं तं दोन वाकणं येतीन. धूर काही बैल नाही, का कासरा ओढला अन् वळला."

"चुलीच्या डोक्यावर भोक मी कोणाच्याच घरी पडू देलं नाही, रज्जाकभाऊ. माह्या घरी पाडू?"

इंद्रभानबी मायच्या बाजूनं झाला. त्याले बरकतीचं काही नव्हतं, त्याले टिन नवं होतं. रज्जाकनं दोघाइकडं पाह्यलं. "ठीक हाये. घर तुमचं, धुआं तुमचा." अन् त्यानं भितीले भोक पाडून पाइप वळचणीखाली काढला.

पहिल्या दिवशी धूर बराच गेला. हवा पडेल होती, पान हालत नव्हतं. सोजरामायनं लगेच मोताळ्याले फोन लावला. चौथ्या दिवशी निशिगंधा अन् अपेक्षा आल्या. पाचव्या दिवशी पश्चिमेची हवा सुटली. भाकरी टाकता टाकता पाइपानं पुरा धूर उलटा फेकला, पिठावर काजळी पडली, अन् निशिगंधा दाराच्या चौकटीले धरून वाकली ती वाकलीच. पंपानं भागलं नाही. इंद्रभाननं मोटारसायकलवर मधी बसवून दवाखान्यात नेलं, मागून गावातल्या सिंधूताईच्या पोरानं धरलं. दवाखान्यातून ती सरळ मोताळ्यालेच गेली.

त्यानंतर निशिगंधा फोनवर इंद्रभानशी बोले. सासूशी बोलायची वेळ आली का अपेक्षाच्या हातात फोन देये. सोजरामाय पोरीले विचारे, जेवली का वं? पोरगी म्हणे, हाव. एवढंच.

होळी गेली. गावातच सिंधूताईच्या घरी सोजरामाय लाह्यापीठ दळायले मदत करू गेली. सिंधूताईचं घर जुनं, कवेलूचं. चूल सोजरामायनंच मांडलेली, अठरा-वीस वर्षं झाली असतीन. सिंधूताईनं चहा ठेवला चुलीवर. लाकडं ओली होती, धूर भरपूर. पण डोळ्याले लागला नाही. सोजरामाय वर पाहत बसली. धूर वर गेला, कवेलूत शिरला, अन् गायब.

"काय पाह्यते वं सोजरा, सापगीप हाये का वर?"

"तुह्या डोळ्याले पाणी येते का चुलीपाशी?"

"माह्या नाही बा येत. माह्या बहिणीच्या येते, तिचंबी चूलखंड तूच मांडलं. तिच्या घरावर टिनं हायेत ना."

सोजरामाय चहा तसाच ठेवून बाहेर आली. आंगणातून तिनं सिंधूताईच्या घराकडं पाह्यलं. पुऱ्या छपरातून धूर निघून राह्यला होता, जसा ओल्या उकिरड्यातून सकाळी निघते तसा. हजार फटी. ती उभीच राह्यली. सिंधूताई चहाचा कप घेऊन मागं आली.

"या घरात बरकत कमी पडली का कधी?" सोजरामायनं विचारलं.

"दोन पोरी उजवल्या, म्हशी तीन हायेत. काऊन?"

"माह्या मायच्या घरावर बी कवेलूच होते," सोजरामाय म्हणे. "चुलीच्या डोक्यावर सारं उघडंच होतं वं सिंधू. आमाले दिसत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती एसटीत बसून नांदुऱ्याले गेली. रज्जाक दुकानात पत्रा ठोकत होता. त्याची बायको इमामबी बाजूले भाजी निवडत होती. सोजरामाय म्हणे, "टिनाले भोक पाडायचं हाये."

रज्जाकनं हातोडी थांबवली नाही. "दोन महिने आधी मी काय सांगतलं होतं?"

"सांगतलं होतं. मी ऐकलं नाही. आता चाल."

इमामबी हसली. "इनको कोई बोलता नाही ना ऐसा, माय. मैं गलत थी, असं. आज इनका जेवण जास्ती जाईन."

इंद्रभानचं टिन मात्र मधी आलं. पावसाळ्यात गळीन, तो म्हणे. सोजरामायनं एका सुताले गोटा बांधला, स्टुलावर चढली, अन् वैलाच्या भोकावर बरोबर गोटा येईपर्यंत सूत टिनापाशी सरकवत राह्यली. तिथं कोळशानं फुली मारली. "इथं पाड," रज्जाकले म्हणे. "अन् पोरा, तू पोरीले आणायचं पाह्य, टिनाचं मी पाहतो." इंद्रभान खाली मान घालून सिडी धरायले आला.

रज्जाकनं भोक पाइपापेक्षा मोठं पाडलं. बाजूची लाकडाची बल्ली होती, तिच्यापासून पाइप वितभर दूर ठेवला, तापलं तं पेट घेईन म्हणून. पाणी आत येऊ नये म्हणून टिनावरून पत्र्याची गळपट्टी बसवली, कडेनं डांबर लावलं, आढ्याच्या वर दोन हात पाइप नेला अन् त्याच्यावर टोपी. खाली काजळी काढायले झाकण. भितीतलं जुनं भोक सोजरामायनं आपल्या मातीनं बुजवलं. चुलीची मागची बाजूही तिनं नव्यानं मांडली, वैलाचं भोक दोन बोटं अरुंद केलं. मंग रज्जाकनं अगरबत्ती पेटवून चुलीच्या तोंडाशी धरली. धुराची रेघ सरळ आत ओढल्या गेली.

"लाव फोन," इंद्रभान म्हणे.

"नाही," सोजरामाय म्हणे. एकदा लावला होता तिनं फोन.

तिनं आपलं पांढरं धुतलेलं लुगडं फाडून त्याचा तुकडा चुलीच्या वर, टिनाखाली, बांधला. पंधरा दिवस. त्यात दोनदा पश्चिमेची हवा सुटली. दर आठ दिवसानं ती झाकण काढून काजळी झाडायची. सोळाव्या दिवशी तुकडा सोडला. किंचित पिवळा झाला होता, पण काळा नव्हता. तो घडी करून इंद्रभानच्या पिशवीत घातला. "तिले दे. बोलू नको काही, दे फक्त."

त्या पंधरा दिवसात ती घरी बसली नव्हती. जेवढ्या टिनाच्या घरात तिनं चुली मांडल्या होत्या, त्या साऱ्या घरी ती जाऊन आली. चौदा घरं निघाली. प्रत्येक घरी जाऊन म्हणे, तुमच्या चुलीचा धूर माह्यापायी कोंडला, टिनाले भोक पाडा. काही बायाइनं ऐकलं. एकीचा नवरा म्हणे, म्हातारी बहकली. ती पुढच्या घरी गेली.

निशिगंधा लगेच आली नाही, मे महिन्याच्या शेवटी आली. पिशवी दारातच ठेवली, पंप हातात. चुलीपाशी पाट टाकून बसली अन् वर पाइपाकडं पाहू लागली. सोजरामाय मोठ्या परातीत पीठ मळून भाकरी टाकू लागली. पाच झाल्या, सात झाल्या. बाहेर हवा होती, टिनं वाजत होते. अपेक्षा गरम भाकर अन् तेल-तिखट घेऊन आंगणात पळाली.

अकरावी भाकर तव्यावर होती तेव्हा निशिगंधानं पंप पदरात ठेवला.

"अहो," तिनं आतूनच इंद्रभानले आवाज देला. "भाऊले फोन लावा. म्हणा, पोरीचं नाव तिकडं टाकू नका."

सोजरामायनं भाकर उलटवली. "बारावी तुही," म्हणे, "जेवून घे पहिले."