येत्या वर्षी काय सापडणार?

दसऱ्याआधीचे आठ दिवस मला धड झोप नव्हती. कारण ऐकलंत तर हसाल. मालाडच्या पलीकडे खाडीकाठी एक टेकाड आहे. त्याच्यावरून रस्ता जायचा होता आणि त्याआधी आम्हाला तिथे खणायला पंधरा दिवस मिळाले होते. फक्त पंधरा! सकाळी सात ते संध्याकाळी सहा. आणि माझी मुक्ता साडेतीन वर्षांची. जन्मल्यापासून एक अख्खा दिवस ती माझ्याशिवाय राहिली नव्हती. जाऊ की नको? दसऱ्याला उत्तर द्यायचं होतं.

झोप उडाली की लोक देवाचं नाव घेतात, मला आमच्या मंडळाचे किस्से आठवतात. खापरांसारखंच आहे त्यांचं. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही!

मंडळ म्हणजे आम्ही चार माणसं. रविवारी उपनगरं पालथी घालून जुने दगड, लेणी, खापरं शोधणारी. सर अंधेरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेले. घाटकोपरचा कांबळे ड्राफ्ट्समन, म्हणून नकाशे आणि चित्रं त्याच्याकडे. मुलुंडचा परब बँकेत क्लार्क. खूश झाला की मालवणीवर येतो. आणि बोरिवलीची मी. एम.ए., प्राचीन इतिहास, सेकंड क्लास. खापरांची नोंद माझ्याकडे. तुकडा कुठे सापडला, किती खोल, याची चिठ्ठी त्याच्यासोबत हवीच. चिठ्ठी हरवली की त्याचं नुसतं ठिकरं होतं.

कारखान्यात मशिनांची पूजा होते ना, तशी दसऱ्याला आमच्याकडे खणायच्या थाप्यांची आणि ब्रशांची. झेंडू वाहून झाला की सर रजिस्टर उघडतात आणि एकेकाला विचारतात, "बोला, येत्या वर्षी काय सापडणार?" अट एकच. सोनं म्हणायचं नाही. कारणही सरच सांगतात,

"ते सापडलं तर आपल्याला सांगतंय कोण!"

*

एका दसऱ्याला परब म्हणाला, "रांजण. अख्खा." आणि जानेवारीत मुलुंडला टेकडीच्या पायथ्याशी खरंच मातीतून एक गोल, भाजक्या मातीचा काठ वर आला! परबाने बाह्या सरसावल्या. दोन रविवार आम्ही ब्रशाने माती झाडत होतो. कांबळेने स्केल लावून चित्र काढलं. सर म्हणाले, "काठ जाड आहे. धान्य साठवत असणार."

दुसऱ्या रविवारी दुपारी शेजारच्या चाळीतून एक बाई तरातरा आल्या. "ओ भाऊ, तुम्हीच का ते? आमच्या मोरीचा पाइप उघडा टाकलाय! आठ दिवस वास मारतोय!"

परबाने हळूच बाह्या खाली केल्या. सरांनी शांतपणे पेन उघडलं.

"लिहून घेतो. पाइप. अख्खा. अजून वापरात."

*

देवनारच्या बाजूला एका वस्तीत शेंदूर फासलेला उभा दगड होता. वर चंद्र-सूर्य, मधे अक्षरं, आणि खालचा भाग बायकांनी हिरव्या खणाने झाकलेला. सरांनी दोन ओळी लावल्या आणि कळलं की हा जुना दानलेख. कुणी तरी जमीन दान दिली होती, आणि ती बळकावणाऱ्यासाठी दगडातच शिवी कोरून ठेवली होती. चित्रासकट! चित्र खणाखाली होतं. त्यात एक गाढव असतं, यापुढे मी लिहीत नाही.

पूजा करणाऱ्या आजींनी विचारलं, "काय लिवलंय गं बाय देवीवर?"

सर चष्मा पुसायला लागले. कांबळेला आपल्या बुटाची लेस सुटलेली दिसली. परब तर रस्ता ओलांडून पलीकडे! राहिले मी. आपण एखाद्याचा देव हिरावून घेतोय का, असं मनात येत होतं, तरी आजींच्या कानात सगळं सांगितलं.

आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "शनवारी ये. आमची जागा मागाया तो बिल्डर येतो तवा. त्याला मोठ्यानं वाचून दाखव!"

*

आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. मुक्ताच्या दूधपावडरचे रिकामे डबे खापरांनी भरलेले, कॉटखाली. सासूबाई कणकवलीहून आल्या, त्यांनी केर काढताना ते पाहिले. फुटकी भांडी घरात ठेवू नयेत, एवढं साधं एम.ए. झालेल्या सुनेला कळत नाही! मी भाजी घेऊन परत येईपर्यंत डबे घासून लख्ख आणि खापरं कचऱ्याच्या गाडीतून रवाना. एक्क्याण्णव तुकडे. प्रत्येकावर माझ्या हाताने काळ्या शाईने घातलेला नंबर.

सरांना कोणत्या तोंडाने सांगू, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. रविवारी सांगितलं. कांबळेने खांद्यावर थाप मारली. "अगं मीना, टेन्शन काय घेतेस? हजार वर्षांनी कोणी तरी देवनारचं डम्पिंग खणेल ना, त्याला नंबर घातलेली खापरं मिळतील. बिचाऱ्याचं अर्धं काम तू केलंयस!"

सरांनी इतकंच विचारलं, "आत चिठ्ठ्या होत्या?"

"होत्या."

त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, "सध्या मुक्काम देवनार."

*

आता माझ्या आईपणाची परीक्षा घेणारा किस्सा. मुक्ता दोन वर्षांची. मी एका हाताने तिला भरवत होते, दुसऱ्या हाताने खापरं धुऊन वाळत घालत होते. संध्याकाळी नंबर घातले, चिठ्ठ्या लावल्या, रविवारी पिशवी सरांकडे दिली.

सर एका तुकड्यापाशी थांबले. भिंग लावलं. "भाजकी माती, भरड. कडेला बारीक नक्षी आहे. अशी आपल्याकडे पहिलीच." कांबळेने नक्षीचं चित्र काढलं, मोठं करून. सगळे खूश. मी तर जरा तरंगतच होते; माझ्याच पिशवीत निघालेला ना!

परबाने तो तुकडा नाकाजवळ नेला.

"सर, ह्यो टोस्ट आसा. चायत बुडवून खावचो."

नक्षी मुक्ताच्या दातांची होती. मुलीला आपण दगडासारखे टोस्ट खायला घालतो, हे मला त्या दिवशी तज्ज्ञांकडून कळलं! कांबळेने चित्र फाडलं नाही. म्हणाला, "झकास आलंय यार. फ्रेम कर."

*

तर दसरा आला. थाप्या मांडल्या, झेंडू वाहिला. परब म्हणाला, "जाळ्याची मातीची वजनं. खाडी आसा, मासे असतलेच." कांबळे म्हणाला, "चूल. राखेसकट."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. नकार मी तोंडपाठ करून आले होते. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट, सासूबाई गावी, मुक्ता लहान. शेजारच्या तावडे काकू "मी सांभाळते गं" म्हणाल्या होत्या, ते मी मुद्दाम गाळणार होते.

सर म्हणाले, "तुला जमत नसेल तर राहू दे हो. खापरं पोत्यात भरून आणू. चिठ्ठ्या लिहिणारं कुणी नाही, एवढंच."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. कुणाच्या तरी घरातली मडकी, आणि ती कुठे, कशी पडली होती हे नंतर कुणालाच कळणार नाही. वरून डांबर.

"येते," मी म्हटलं. "पण काय सापडणार ते नाही सांगता येत मला. मुक्ता रडली नाही म्हणजे मिळवली."

सरांनी तेही उतरवून घेतलं. कांबळेच्या चुलीखाली, तारीख घालून.

*

दिवाळीनंतरचा सोमवार. सकाळचे सव्वासहा. सर मला न्यायला रिक्षा घेऊन आले आणि जिना चढून वर आले. तावडे काकूंच्या दारात मुक्ता फ्रॉकची नाडी चघळत उभी.

मी काकूंना सूचना देत होते. तिसऱ्यांदा. भात मऊ करा. दुपारी पंखा तीनवर. भूक लागली तरी ती सांगत नाही, तुम्हीच विचारा. आणि शेवटची सूचना अगदी खणखणीत आवाजात, जणू मी दहा पोरं वाढवलीत: "रडली तर पाच मिनिटं लक्ष देऊ नका, काकू. आपोआप गप्प होते."

एवढं बोलून मी चपला घालायला वळले. पट्टा काही केल्या दिसेना. सगळंच धूसर दिसत होतं. मी बराच वेळ खाली वाकून राहिले.

सर मुक्तासमोर उकिडवे बसले. "काय मुक्ताबाई, तुम्ही बोला. आईला तिकडे काय सापडणार?"

मुक्ताने नाडी तोंडातून काढली. माझ्याकडे नीट बघितलं. मग सरांचा शर्ट धरून त्यांना जवळ ओढलं आणि म्हणाली,

"आई रडली ना, तर पाच मिनिटं लक्ष देऊ नका. आपोआप गप्प होते."