भोपळेकाकूंचे कान

मंडईच्या तिसऱ्या रांगेत कोपऱ्यावर बसणाऱ्या काकूंनी तीस वर्षं भोपळ्याखेरीज दुसरं काही विकलं नाही, म्हणून अख्खी मंडई त्यांना भोपळेकाकू म्हणायची. गिऱ्हाईक आलं की भोपळा कानाशी धरायचा, बोटाच्या पेराने टकटक करायची आणि निकाल द्यायचा. "हा लांब मानेचा न्या, गोड आहे, बियाही कमी. हा खाचांचा छोटा हिरवा महिन्याभरात संपवा, फार टिकत नाही. आणि हा करडा म्हणजे नुसता दगड. चिरायला कोयता लागेल, पण चार-पाच महिने घरात पडू दे, त्याला काही होत नाही."

साठी उलटली आणि काकूंना ती टकटक ऐकू येईनाशी झाली. सांगायचं कुणाला? त्या ठोकत राहिल्या, मान डोलवत राहिल्या आणि अंदाजपंचे निकाल देत राहिल्या.

एका सकाळी शाळेच्या खानावळीचा आचारी हातात भोपळ्याची फोड घेऊन आला. "काकू, हा चपटा हिरवा रताळ्यासारखा पिठूळ निघेल म्हणालात. यात नुसतं पाणी. पोरांनी ताटात टाकला."

"काय?"

त्याने पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा, ओरडून. सगळ्या रांगेने ऐकलं आणि काकूंच्या भ्रमाचा भोपळा तिथेच फुटला.

सून शेजारीच बसली होती. दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं, त्यामुळे आता टोमणा येणार म्हणून काकूंनी मान खाली घातली. सुनेने त्यांच्या मांडीवर एक भोपळा ठेवला.

"आई, देठ बघा. ओला आहे, म्हणजे घाईने तोडलाय. नख लावा. उमटलं ना? जून सालीवर उमटत नाही. आणि जमिनीला टेकलेला हा डाग गडद पिवळा हवा, पांढरट नको."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. तुम्ही ज्याला हो म्हणायचात, तो कसा दिसतो ते सात वर्षं बघतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

काकूंना हसू फुटलं. आचारीही हसला आणि सुनेने निवडलेले दोन भोपळे खांद्यावर टाकून गेला.

पुढे कानाचं यंत्र आलं. मंडईचा गलका सोसेना, तसं ते आठवड्यातच डबीत गेलं. आता काकू देठ बघतात आणि सून ठोकते. मात्र पोरीला आवाजातलं काही कळत नाही, हे काकूंचं मत कायम आहे.