मागच्या सीटवरचा सूर

या सदरातले किस्से वाचून ‘मांजर असेल’, ‘फ्यूज उडाला असेल’ असं म्हणणाऱ्यांतली मी, हे आधीच सांगून टाकते. घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली म्हणे... मला पहिला प्रश्न पडतो की एवढ्या धुळीत ती साडी पांढरी राहते कशी? आमच्या घरी अमावास्येला नखं कापली तरी कुणी हटकत नसे. त्यामुळे मीच असलं काही लिहायला बसलेय याचं मलाच हसू येतंय. पण लिहिते. ज्यांच्याबद्दल आहे ते दाभाडे सर आता नाहीत, आणि तसा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही. हे तरी कुठेतरी नोंदलं जावं.

गोष्ट वाय टू केच्या जरा आधीची. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत नवी नवी लागले होते. जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करायची, हेच काम, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आठवडाभर स्क्रीन बघून डोळ्यांची पार वाट लागायची. म्हणून रविवारी विश्रांतवाडीहून दुचाकी काढायची आणि हडपसरच्या मैदानावर ग्लायडिंग शिकायला जायचं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला एक यंत्र लांबलचक तार गुंडाळतं, आणि त्या तारेने ग्लायडर पतंगासारखं वर खेचलं जातं. वर पोहोचलं की तार सोडायची. मग फक्त वारा आणि तुम्ही. आई म्हणायची, “स्वारगेटला रस्ता ओलांडताना अजून माझा हात धरतेस, आणि म्हणे उडणारेस.”

दाभाडे सर आमचे इन्स्ट्रक्टर. हवाईदलातून निवृत्त, सत्तरीकडे झुकलेले, पायात कायम चामडी सँडल. बोलणं अस्सल पुणेरी. एरवी ‘तू’ म्हणायचे, पण ‘आपण’ आणि ‘बाई’ सुरू झालं की समजायचं, आता आपली शोभा होणार. मैदानावर कुणी लिंबू-मिरची बांधली तर ती सोडून चहावाल्याला देऊन टाकायचे, भज्यांना उपयोगी पडेल म्हणून. “वर देवबिव कुणी नाही, मी बघून आलोय. घारी आहेत. त्यांच्याकडून शिका काहीतरी.”

आणि शिकवण्याची त्यांची रीत... काय सांगू. पिशवीतून चौकड्यांचा एक पंचा निघायचा आणि कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. तो पंचा ते आमच्या समोरच्या काट्यांवर पसरून दोन्ही बाजूंनी चिमटे लावायचे. वेग दाखवणारा काटा, उंचीचा काटा, सगळं झाकलेलं. मग स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसायचे.

पहिल्यांदा मी विचारलं, “सर, स्पीड कसा कळणार?”

“आपण पोहे ढवळताना घड्याळ बघता का?”

“नाही.”

“मग पोहे करपतायत हे कसं कळतं मेधाबाई?”

त्यांनी आम्हाला वळण गालावर ओळखायला शिकवलं. उजव्या गालावरचं ऊन डावीकडे आलं की किती वळलो ते कळतं. मांजरी गावाकडच्या गुऱ्हाळाचा वास आला की वारा पूर्वेचा. ग्लायडर एका बाजूला घसरतंय का हे बसल्या जागी कुठल्या बाजूला भार आला त्यावरून ओळखायचं. त्या जागेला मुलींसमोर ते ‘बैठक’ म्हणायचे, मुलांसमोर दुसरा शब्द होता. दिवसभर स्क्रीनवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवून जगणारी मी, रविवारी माझ्या अंगाला एवढं सगळं कळतं हे बघून थक्क व्हायचे. सोमवारी ऑफिसात जाताना बसच्या वळणावरसुद्धा मी डोळे मिटून बघायचे.

पण खरी कमाल होती वेगाची. ग्लायडरचा वेग फार कमी झाला तर पंख हवा सोडतात आणि ते दगडासारखं पडतं. जमिनीजवळ तसं झालं तर विषयच संपला. आमच्या त्या जुन्या ग्लायडरच्या काचेला एक छोटी सरकती खिडकी होती. तिच्या फटीतून वारा बारीक शिट्टीसारखा वाजायचा. वेग वाढला की शिट्टी चढायची, कमी झाला की उतरायची. सर मागून एक ‘सा’ धरायचे, संथ, गुणगुणल्यासारखा. आमचं काम एवढंच, की ग्लायडरचं नाक किंचित खाली-वर करून, म्हणजे वेग वाढवून-कमी करून, फटीतला वारा त्या ‘सा’ला मिळवून ठेवायचा. जरा उतरलं की मागून यायचं, “बेसूर झालात. ग्लायडर पडायच्या आधी सुरातून उतरतं, लक्षात ठेवा.”

मी लहानपणी पेटी शिकले होते. घरी येऊन पेटीवर पडताळून पाहिलं, सरांचा सूर काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी. दर रविवारी काळी एक. सर्दीने नाक चोंदलेलं असलं तरी काळी एक. हे कुणाकडून शिकलात म्हणून एकदा विचारलं, तर “होते एक” एवढंच बोलून चहा प्यायला निघून गेले.

माझी पहिली सोलो, म्हणजे एकटीने उडायची फेरी, हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी आली. सरांनी पंचा काढून खांद्यावर टाकला. “आज काटे उघडे. हवे तेवढे बघून घे, हौस फिटू दे.” मागच्या सीटचे पट्टे त्यांनी स्वतः आवळून बांधले, रिकाम्या सीटवर ते लोंबकळू नयेत म्हणून. काच बंद केली, दोनदा टकटक केलं आणि बाजूला झाले.

तार ओढली गेली, मी वर गेले, तार सोडली. खाली उसाचे उरलेसुरले पट्टे, मधे कुणाकुणाचे नवे पाये खणलेले, सोलापूर रस्त्यावर ट्रकची रांग. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच. आणि मग वेगाच्या काट्याकडे पाहिलं. काटा ठीक होता. मैदानाला वळसा घालायला लागले तेव्हा सासवडच्या बाजूने वारा सुटला, एकदम धसमुसळा. ग्लायडर हिंदकळलं. काटा हलला नाही. मी नाक खाली केलं... काटा तिथेच. वर केलं, तिथेच. नंतर कळलं की बाहेरच्या ज्या नळीत वारा शिरून काटा चालतो, तिच्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधायला घेतलं होतं. तीच माशी, आपल्या खिडक्यांच्या कोपऱ्यात बांधते ती. सकाळपर्यंत नळी साफ होती. दुपारी ग्लायडर उभं असताना तिने अर्धंमुर्धं काम केलं, आणि वर गेल्यावर ती ओली माती सरकून नळी बंद झाली.

तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की मी एकटी आहे, वारा वेडावाकडा आहे आणि काटा खोटं बोलतोय. काळी एक आठवायचा प्रयत्न केला, पण घाबरलेल्या माणसाला सूर कुठला आठवणार? मला आईचा चेहरा दिसायला लागला.

आणि मागून ‘सा’ आला.

अगदी नेहमीसारखा, संथ, पाठीमागे हातभर अंतरावरून. मी चक्क “हो सर” म्हणाले. एका क्षणापुरतं खरंच विसरले की मागे कुणी नाही. फटीतली शिट्टी त्या सुराच्या खूप खाली होती, म्हणजे माझा वेग बराच पडला होता. मी नाक खाली केलं. शिट्टी चढत गेली, चढत गेली... मला वाटलं आता पुरे, पण सूर अजून वरच होता. आज सर वर का लावतायत, असंही मनात येऊन गेलं. मी आणखी नाक दाबलं आणि शिट्टी त्याला जाऊन मिळाली. मग मात्र मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. वळण घेतलं, मैदानासमोर आले, कुंपण खालून गेलं. त्या सगळ्या वेळात सूर हलला नाही, श्वास घेण्यापुरतासुद्धा तुटला नाही. चाक गवताला टेकलं आणि तो थांबला.

सर धावत आले. सर आणि धावणं, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. एक सँडल मागेच राहिली होती.

“वर नाक का उचललं होतंस? पडली असतीस.”

“काटा बसला सर.”

“मग आलीस कशी?”

“तुमच्या सुरावर. पण आज तुम्ही वर लावला होतात.”

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते माझ्या लक्षात आलं. सरांनी मागच्या सीटकडे पाहिलं. पट्टे त्यांनी बांधले होते तसेच होते.

“म्हण बघू,” ते हळू म्हणाले.

सूर डोक्यात ताजा होता. मी म्हटला. सर गवतात खालीच बसले. “परत म्हण,” म्हणाले. मी परत म्हटला.

संध्याकाळी टपरीवर चहा घेताना त्यांनी सांगितलं. हवाईदलात जाण्याआधी, कॉलेजात असताना, कॅम्पातल्या शेख मास्तरांनी त्यांना ग्लायडिंग शिकवलं. मास्तरांचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. तेव्हाच्या ग्लायडरमधे काटे फारसे नसायचेच, आणि असले तरी मास्तर त्यावर पंचा टाकायचे. “सुई झूठ बोलती, हवा नहीं बोलती,” हे त्यांचं वाक्य. ‘सा’ धरायची पद्धत त्यांचीच.

“शांत हवेत काळी एक,” सर म्हणाले. “पण वारा खवळला की उतरताना जास्त वेग लागतो. तेव्हा मास्तर तिच्या वरची काळी दोन धरायचे. ते मी तुला अजून शिकवलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात शिकवणार होतो. आज माझी काळी एक धरून आली असतीस तर कुंपणाच्या पलीकडे, रस्त्यावर सापडली असतीस.”

घरी जाऊन पेटीवर पाहिलं. काळी दोन.

मास्तर जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मी सरांना तेच म्हणाले, की सर, भास असेल, भीतीने होतं असं. सरांनी नकारार्थी मान हलवली. मग कपात बघत म्हणाले, “इतकी वर्षं मी एकटा उडतो तेव्हा मागची सीट त्यांच्यासाठी रिकामी ठेवतोय. मला कधी ऐकू आला नाही. आणि तुला आला... तू तर त्यांना ओळखतही नाहीस.”

त्या आवाजात राग नव्हता. लहान मुलाला घरी ठेवून सगळे जत्रेला जावेत तसं काहीतरी होतं. मला फार वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस, आणि मला त्यांना द्यायला काहीच नव्हतं.

मी पुढे शिकत राहिले. लायसन्स मिळालं, काही वर्षांनी मीही शिकवू लागले. माझ्या पिशवीतही पंचा आणि दोन चिमटे असतात. तोवर मैदानाभोवतीचा ऊस गेला, काचेच्या इमारती आल्या, माझीच कंपनी त्यातल्या एकीत आली. सरांची दृष्टी अधू झाली आणि त्यांचं उडणं बंद व्हायची वेळ आली. शेवटच्या फेरीला ते पुढे बसले, विद्यार्थ्याच्या जागी. काट्यांवर पंचा स्वतःच पसरला.

“तू मागे बस,” म्हणाले. “आणि काळी दोन धर. वारा आहे.”

मी धरली. सरांनी ते ग्लायडर असं काही उडवलं की मागे बसून मला रडू येत होतं. एवढा वारा, पण फटीतली शिट्टी माझ्या सुराला जी चिकटली ती सुटलीच नाही. समोरचं धड दिसत नसलेल्या माणसाने मैदानाला वळसा घातला आणि अलगद, कळणारही नाही असं, चाक टेकवलं.

उतरल्यावर ते बराच वेळ ग्लायडरच्या नाकावर हात ठेवून उभे राहिले.

“छान धरलास सूर.”

“कसला छान सर, शेवटच्या वळणावर ठसका लागला मला.”

लागलाच होता. घशात धूळ गेली आणि तिथून थेट जमिनीवर येईपर्यंत माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. मागे बसून मी नुसता जीव मुठीत धरला होता. मला शिट्टीखेरीज काही ऐकू आलं नव्हतं.

सर माझ्याकडे वळले. चेहरा असा उजळलेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

“सूर थांबलाच कुठे?” ते म्हणाले.

एका ध्वनितज्ज्ञ मित्राला मी सगळं सांगितलं आहे. तो म्हणतो, खिडकीच्या फटीतून एका वेळी दोन स्वर निघू शकतात. मी तसल्याच वाऱ्यात, तेच ग्लायडर घेऊन, पुन्हा पुन्हा जाऊन ऐकलं. एकच निघतो. तो म्हणतो, मेंदू भीतीत जुनं ऐकलेलं वाजवतो. वाजवत असेल, पण काळी दोन मी तोवर मागून कधी ऐकलीच नव्हती. आणि सर म्हातारे होते, भावुक झाले होते, मान्य. त्या वळणावर मी गप्प होते, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.