खंडेनवमीला पुसलेला कॉम्प्युटर

मित्रांनो, हे आत्ताच घडलं.

वडील, आमचे अण्णा, चिकलठाण्याच्या कंपनीत लेथ मशीन चालवायचे. आज खंडेनवमी. त्यांनी माझा गेमिंग कॉम्प्युटर वायरी काढून पुसला, कुंकू लावलं आणि वायरी परत जोडल्या. "मशीन हाय, पूजा नको व्हय?"

मी चालू केला. पंखे फिरले, स्क्रीन काळीच राहिली.

"अण्णा, फडकं ओलं होतं?"

"जरासं."

या कॉम्प्युटरात फक्त गेम नाहीत. माझ्या वारलेल्या आईचं एकमेव रेकॉर्डिंगही इथंच आहे. विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत कर्फ्यू लागला आणि अण्णा कंपनीतून परतले नव्हते, ते ती त्यात सांगते.

मी रॅम काढून पुन्हा बसवली. काहीच नाही. अण्णा भिंतीला टेकले. "तिचा आवाज गेला का रं?"

मी कॉम्प्युटर वळवला.

मग मागं पाहिलं. परत जोडताना अण्णांनी मॉनिटरची केबल, जिथून चित्र येतं त्या ग्राफिक्स कार्डाऐवजी, मदरबोर्डला लावली होती. बदलली. स्क्रीन उजळली.

फाईल लावली. आई म्हणाली, "मी दाराकडं बघत बसले. लई भ्या वाटत होतं." ऐकता ऐकता अण्णा मागं सरत दाराबाहेर गेले.

आता त्या फाईलची पेनड्राइव्हवर कॉपी होतेय. अण्णा उंबऱ्याबाहेर उभे आहेत, आत यायला तयार नाहीत. "माझा हात लागून परत काय बिघडलं तर?" म्हणतायत.

तुमच्या घरातला असा एकुलता एक आवाज कुठं ठेवलाय?