तांबटकाकांचा डावा पाय

माझा आवाज गोड आहे असं लोक मला सांगत आले आणि मी ते बरीच वर्षं मनावर घेतलं. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी आमच्या मेट्रनबाईंनी बजावलं होतं, की पेशंटशी बोलताना आवाज खाली, चेहरा शांत आणि हात गरम. हात गरम राहावेत म्हणून मी थंडीत ते एकमेकांवर चोळून मगच पेशंटला लावायची. आवाजाचं तर विचारूच नका. कसबा पेठेतल्या आमच्या छोट्या दवाखान्यात ड्रेसिंगच्या टेबलापाशी मी अशी काही हळुवार बोलायची, की म्हाताऱ्या बायका जखम भरली तरी येऊन बसायच्या. ‘तुमच्याशी बोललं की निम्मं दुखणं जातं,’ असं एक आजी म्हणाल्या होत्या. ते मी घरी, वारज्याला, नवऱ्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, ‘मग उरलेलं निम्मं डॉक्टर बघत असतील.’

तांबटकाका त्या टेबलापाशी आले तेव्हा साठीच्या आसपास असतील. पायजमा, सदरा, डोक्याला टोपी, आणि तळहातांवर इतके जाड घट्टे की नाडी बघताना हात लाकडी वाटला. जवळच्याच आळीत ते तांब्याची भांडी घडवायचे. डाव्या पायाच्या तळव्याला, करंगळीच्या खाली, त्यांना रुपयाएवढी जखम झाली होती. रक्तातली साखर भरपूर वाढलेली. जखम खोल होती आणि त्यांना ती अजिबात दुखत नव्हती. नवख्या माणसाला हे बरं वाटेल, पण आम्हाला त्याचीच भीती वाटते. साखरेनं पायाची जाणीव गेली, की पाय भाजला काय, कापला काय, माणसाला पत्ता लागत नाही.

त्या दिवशी मी त्यांना सगळं नीट समजावलं. अनवाणी चालायचं नाही. पट्टी ओली होऊ द्यायची नाही. या पायावर भार टाकायचा नाही. गोळी दोन्ही वेळा जेवणाआधी अर्धा तास, आणि ती रोज घ्यायची, पाय दुखो वा न दुखो. काका माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, मान हलवत होते. शेवटी म्हणाले, ‘हो, हो. बरोबर आहे आपलं.’ इतका समजूतदार पेशंट मिळाल्याचा मला आनंदच झाला.

एक दिवसाआड ते ड्रेसिंगला येऊ लागले. एकटेच यायचे, वेळेवर यायचे. पण पट्टी बघावी तर काळीकुट्ट, ओली, त्यात धातूची कणी अडकलेली. मी पुन्हा सगळं सांगायची. ‘हो, हो,’ काका म्हणायचे. पुढच्या खेपेला पट्टी तशीच. साखर उतरत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दुप्पट केल्या. तरी आकडा ढिम्म हलला नाही. महिना गेला, दुसरा गेला. एकदा मी चिडून त्यांच्या केसपेपरवर कोपऱ्यात लिहिलं, ‘हट्टी. सूचना पाळत नाही.’ लिहून जरा बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

मी तापट आहे. माझ्या नवऱ्याला विचारा. पण दवाखान्यात राग आला, की माझा आवाज चढण्याऐवजी आणखी खाली जातो. मेट्रनबाईंची शिकवण हाडीमासी भिनलेली. काकांवर जितकी चिडायची तितकी मी हळू बोलायची, ओठ घट्ट करून, जवळजवळ पुटपुटतच. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

तिसऱ्या महिन्यात ते लागोपाठ दोन खेपा आलेच नाहीत. तिसऱ्या खेपेलाही टेबलाजवळचं बाक रिकामं राहिलं, तेव्हा दुपारी दवाखाना बंद झाल्यावर मी पत्ता घेऊन चालत निघाले. मनात भाषण तयार होतं. पाय गेला तर घरच्यांना काय वाटेल याचा विचार केलाय का, अशी त्याची सुरुवात होती.

आळी शोधावी लागली नाही. दोन गल्ल्या अलीकडूनच हातोड्यांचा आवाज येत होता. जवळ गेले तसा तो कानात, मग दातांत, मग छातीत जाणवायला लागला. एका बैठ्या खोलीत चारपाच जण जमिनीवर बसून भांडी ठोकत होते. काका मधोमध. समोर अर्धवट झालेलं घंगाळ, आणि ते ज्या लोखंडी दांड्यावर टेकवलं होतं तो दांडा काकांनी डाव्या पायानं दाबून धरलेला. तोच पाय, तीच मी बांधलेली पट्टी, आता चिंधी झालेली.

मी दारातून हाक मारली. कुणीही वर बघितलं नाही. पुन्हा मारली, चांगली मोठ्यानं. तेवढ्यात आतल्या दारातून काकू आल्या. त्यांनी मला बघितलं, काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तोंडातून चकार शब्द न काढता डोक्यावर दोन्ही हातांनी टोपी दाखवली, मग माझ्याकडे बोट केलं. आम्हा नर्सेसना तेव्हा पांढरी टोपी असायची. काकांनी लगेच मान वळवली. मला बघून ते चोरी पकडल्यासारखे ओशाळले आणि पाय मागे घेतला.

काकूंनी मला आत स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. मी विचारलं, ‘काकांना ऐकू येत नाही?’

‘इथं कुणाला येतं?’ काकू म्हणाल्या. ‘लहानपणापासून ठोकाठोकी. चाळिशी गाठली की कान गेलेच. यांच्या वडिलांचेही गेले होते.’

‘अहो, मग दवाखान्यात सांगायचं नाही का?’

‘कान दाखवायला आले होते का ते? पाय दाखवायला आले होते.’

त्या आळीत ऐकू न येणं म्हणजे केस पिकण्यासारखं, सगळ्यांचंच होणारं. ते मुद्दाम जाऊन डॉक्टरला सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नसणार. आणि मी तीन महिने त्या माणसाच्या तोंडाकडे बघत गोड आवाजात बोलले होते, पण त्यातलं त्याच्यापर्यंत काय पोचतंय याची एकदाही खात्री करून घेतली नव्हती.

काकूंनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत गोळ्यांच्या पट्ट्या रचून ठेवलेल्या, जवळजवळ सगळ्या भरलेल्या. ‘दुखलं की घ्यायच्या ना? यांचं दुखतच नाही,’ काकू म्हणाल्या. काका आपल्या परीनं तसं धरून चालले होते. जखमेसाठी दिलेली गोळी दुखण्याचीच असणार, यात त्यांचं काय चुकलं? मी विचारलं, मग यायचे का थांबले? काकू जरा अडखळल्या. म्हणाल्या, ‘म्हणत होते, त्या सिस्टर आता मला कंटाळल्यात. चेहऱ्यावरून कळतं.’

म्हणजे एवढं मात्र त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मला इतकी शरम वाटली, की समोरचा चहा मी कसा प्यायले ते आठवत नाही. तयार करून आणलेलं भाषण तिथल्या तिथे विरून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम केलं ते डॉक्टरांकडे धावत जाण्याचं. न घेतलेल्या गोळ्यांवर आणखी गोळ्या वाढवल्या होत्या, त्या खरोखरच घेतल्या असत्या तर साखर एकदम उतरून काका कोसळले असते. डॉक्टरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मीही केली. रोज दुपारी दहा मिनिटं मी आळीत जाऊ लागले. तिथल्या लोकांची हातांची एक भाषाच होती. गिऱ्हाईक आलंय, पाणी हवंय, पत्रा जाड आहे, जेवायला चला, सगळं त्या गोंगाटात हातांनी चालायचं. काकूंकडून मी त्यातलं थोडं शिकले. अर्धा तास कसा दाखवायचा ते मात्र आम्हाला जमेना. शेवटी काकूंनीच तोड काढली. काका जेवणाआधी हाततोंड धुऊन देवापुढे उदबत्ती लावायचे. ती लावली की गोळी, आणि ती विझली की ताट. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत गोळीची वेळ याहून चोख पाळलेली मी बघितली नाही.

काकांनी दांड्याला पाय लावणं सोडलं नाही, पण डाव्याऐवजी उजवा लावायला शिकले. ‘या पायाला काम येत नाही, शिकाऊ उमेदवार आहे,’ असं ते कुरकुरत म्हणायचे. तळवा रोज बघायचा म्हणून मी आरसा आणायला सांगितलं, तर त्यांनी तांब्याची एक ताटली गुळगुळीत घासून घेतली आणि तिच्यात बघू लागले. साखर उतरली. पट्टी स्वच्छ राहायला लागली. मला वाटलं, आम्ही जिंकलो.

पण तीन महिने फुकट गेले होते ते गेलेच होते. जखम वरून आकसली आणि आतून हाडापर्यंत पोचली. एके दिवशी पट्टी सोडली तर करंगळी आणि शेजारचं बोट काळपट निळं पडलं होतं. मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागलं. काकूंनी माझा हात धरला, ‘तुम्ही चला.’ मी रजा टाकून गेले.

तिथले सर्जन तरुण होते आणि माणूस म्हणून चांगले होते. खाटेशी उभं राहून त्यांनी सगळं व्यवस्थित सांगितलं. दोन बोटं काढावी लागतील, उशीर केला तर पाऊल, नंतर कदाचित गुडघ्याखालचा पायही. ते सांगत होते आणि काका मान हलवत होते. ‘हो, हो. बरोबर आहे आपलं.’ डॉक्टरांनी कागद पुढे केला. काकांनी पेनसाठी हात पुढे केला.

‘थांबा,’ मी म्हणाले. माझा आवाज केवढा मोठा निघाला ते मला वॉर्डमधल्या माना वळल्या तेव्हा कळलं. ‘डॉक्टर, त्यांना यातलं काहीही ऐकू आलेलं नाही.’

डॉक्टर म्हणाले, ‘मान तर हलवतायत.’

‘ते सगळ्यांनाच हलवतात. मलाही तीन महिने हलवली.’

मी खाली बसले, काकांचा पाय मांडीवर घेतला. त्यांना माझा चेहरा दिसेल असं बसले. करंगळी धरली, शेजारचं बोट धरलं आणि दुसऱ्या हातानं, आळीत पत्रा कापायची जी खूण होती, ती केली. काका माझ्याकडे बघत राहिले. मान हलली नाही. मग मी त्यांचा हात घट्ट धरला आणि धरून ठेवला. घाई केली नाही. डॉक्टरांचंही मला कौतुक वाटलं, तेही घड्याळ न बघता थांबले. खूप वेळानं काकांनी आपल्या घोट्याला हात लावला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, ‘पाऊल?’

मी डॉक्टरांकडे बघितलं. ‘आज केलं तर राहील,’ ते म्हणाले. मी पाऊल दोन्ही हातांत धरून काकांच्या छातीशी नेल्यासारखं दाखवलं, तुमचं, तुमच्याजवळच राहणार. काकांनी दोन बोटं वर केली. दोनच. मी डॉक्टरांना तीच दोन बोटं दाखवली. त्यांनीही दाखवली. मग काकांनी सही केली.

दोन बोटं गेली, पाऊल राहिलं. महिन्याभरानं ते पुन्हा आमच्या दवाखान्यात ड्रेसिंगला यायला लागले. जखम छान लाल, भरत आलेली. सगळे म्हणत होते, सिस्टर, तुम्ही पाय वाचवलात. काकूंनी चकचकीत तांब्या आणून दिला. मला प्रत्येक खेपेला त्या रिकाम्या जागेवरून कापूस फिरवायचा असायचा, आणि ते कौतुक मला घेववेना.

एके दिवशी काका शेवटचे पेशंट होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, ‘काका, पहिल्याच दिवशी मी ओळखायला हवं होतं. तेव्हा ओळखलं असतं, तर ही बोटं राहिली असती.’ हातांनीही सांगितलं.

त्यांना समजलं. त्यांनी पायाकडे बघितलं. मला वाटलं, आता रागावतील, आणि रागावले तर बरंच होईल.

‘ऐकू येत नाही हे मी आपल्याला सांगितलं नाही,’ ते म्हणाले. ‘एवढ्या बायकांपुढं लाज वाटली. आणि आपण विचारलं नाहीत.’

मग वाकून त्यांनी करंगळीच्या जागी बोट ठेवलं. ‘हे माझ्यामुळं गेलं.’ बोट शेजारी सरकवलं. ‘हे आपल्यामुळं.’

आणि पाय उचलून माझ्या मांडीवरच्या टॉवेलवर नीट ठेवला. ‘बांधा आता,’ ते म्हणाले.