ताईची उलटसुलट माळ

स्वतःचा रिझल्ट स्वतःच मारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

वंदनाताई. पुण्याच्या लॅबमधली माझी सिनिअर. गाव धाड, जिल्हा बुलडाणा.
आज तिला जाऊन वर्ष झालं.

मी नांदुऱ्याचा. पहिल्याच दिवशी समोर येऊन म्हणाली, "काऊन बे, बुलडाण्याचा न तू? मंग शुद्ध कायले बोलून राह्यला?"
त्या दिवसापासून मी तिच्या पार्टीत.

तिचं काम पेप्टाइड इनहिबिटरचं. म्हणजे अमिनो आम्लांची एक छोटी माळ बनवायची. ती कॅन्सरच्या पेशीतल्या एका एन्झाइमला चिकटते अन् त्याचं काम बंद पाडते.
पाडलं तर!

आणि एक दिवस पाडलं. पेशी पटापट मेल्या. सरांनी पेढे मागवले. हा पेपर छापून आला की ताईची नोकरी पक्की, हे अख्ख्या लॅबला माहीत होतं.

ताईनं पेढ्याला हात लावला नाही.
"उलटसुलट माळ लावल्याबिगर मी नाही मानत."

म्हणजे मणी तेच, फक्त क्रम बदललेला. त्या माळेनं पेशींना काहीच व्हायला नको. झालं, तर आपल्या माळेत दम नाही.

सर म्हणाले, "ते नंतर पाहू. आधी पेपर जाऊ दे."

चिडली की ताईची वऱ्हाडी सुटायची, समोर कुणीही असो.
"सर, उद्या कोनाची माय या भरोशावर औषध घेईन. तिले काय सांगू मी?"

लावली. त्याही पेशी मेल्या.

माळ बनवताना वापरलेलं ॲसिड दोन्हींत थोडं उरलं होतं. पेशी मारत होतं ते ॲसिड! ते काढून टाकलं, तर माळेनं काही म्हणजे काही होईना.

पेपर बुडाला. नोकरीही गेली. ताई खामगावला कॉलेजात शिकवायला आली, आणि पोरांना पहिल्या तासाला हाच किस्सा हसत हसत सांगायची. काय बाई होती यार!

आज धाडला ताईच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला गेलो होतो. खीर वाढता वाढता ताईच्या आईनं विचारलं,
"बापू, लोक म्हन्तात वंदीचं औषध खोटं निंगालं. खरं हाय का?"

मी ताटावरून मान वर केली.
"हाव आई, खोटं निंगालं. पन थे पकडलं तुमच्या वंदीनंच. बाकी कोनालेच पकडायचं नव्हतं."

आईनं माझ्या ताटात अजून एक पळी खीर वाढली.

ताई, आता माझी स्वतःची लॅब आहे. तिथं उलटसुलट माळ आधी लागते. पेढे नंतर.

जय भीम, ताई. तुझ्या लहान भावाची मनापासून आदरांजली.